लेबल अक्कांनी लावलं होतं

हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, नवऱ्यालाही नाही — आणि नवऱ्याला मी तसं सगळं सांगते, नको ते सुद्धा. एकदा सांगायला बसले होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. शिट्टीचं आपलं निमित्त हो. मला उठायचंच होतं.

तुम्हाला सांगणं त्या मानानं सोपं आहे. तुम्ही मला ओळखत नाही, माझा उतरलेला चेहरा बघून लगेच "जाऊ दे गं" म्हणणार नाही. "जाऊ दे" नकोय मला.

मी मूळची निपाणीची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, असं वाढलेली. बंगळूरला पीएचडी करायला आले आणि इथलीच झाले. आमच्या लॅबचं काम रक्तवाहिनीच्या भिंतीवर चालायचं. लोकांना वाटतं आर्टरी म्हणजे नळ, आत चरबी साचली की तुंबणार. तसं नसतं. भिंत जिवंत असते. तिच्यात स्नायूंच्या लांबट पेशी गोल गोल रचलेल्या असतात, आणि जन्मभर त्यांना एकच काम — आवळायचं, सैल सोडायचं. आवळायला त्यांच्या पोटात बारीक धागे असतात. रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरले की ते हिरवेगार चमकतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. आणि मी जेवण विसरणारी बाई नाही.

पण आतल्या अस्तराला इजा झाली, तिथे कोलेस्टेरॉल शिरलं, की यातल्या काही पेशी बदलतात. धागे मोडून टाकतात, आवळायचं सोडून देतात, भराभरा वाढायला लागतात. का, कशा, किती — हे आम्ही बघत होतो. म्हणजे मी बघत होते. पेशी जिवंत ठेवायच्या त्या सुमनअक्का.

अक्का आमच्या कल्चर रूमच्या टेक्निशियन. जुन्या बंगळुरातलं मराठी घर, तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प थांब, हे सरी झालं नाही," असं बोलायच्या, म्हणजे थोडं थांब, हे नीट झालं नाही. मी पहिल्यांदा हसले होते, तुमचं मराठी म्हणजे फोडणीच्या चित्रान्नावर श्रीखंड, असं काहीतरी आगाऊ बोलले होते. त्यांनी मान न वळवता ऐकवलं की तुझं मराठी तरी काय, टीव्हीवरच्या बातम्या. तिथून आमचं जमलं. मला पुट्टी म्हणायच्या, म्हणजे छोटी. पिपेट कसा धरायचा, फ्लास्क कसा तिरका करायचा, घाई कुठे करायची नाही, सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या आईनं मला स्वयंपाक शिकवताना जितका धीर धरला नाही तितका या बाईनं धरला.

आणि त्यांची एक सवय होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेशी वाढून फ्लास्कात दाटी झाली की त्यातल्या थोड्या नव्या फ्लास्कात हलवतात. त्याला आम्ही पॅसेज म्हणतो. या स्नायूच्या पेशींची खोड अशी की जितक्यांदा हलवाल तितक्या त्या आपसूकच बिघडत जातात. कोलेस्टेरॉलचा थेंब न देता. चौथ्या-पाचव्या पॅसेजपर्यंत त्या कामाच्या. दहाच्या पुढच्या नुसत्या नवख्यांना हात बसवायला. म्हणून फ्लास्कावर जो आकडा लिहिलेला असतो त्याच्यावर सगळ्या प्रयोगाचा भार. अक्का तो आकडा लिहायच्या आणि दोनदा मोठ्यानं वाचायच्या. आकडे मात्र कन्नडमध्येच. "नाल्कु... नाल्कु." चार, चार. भरल्या खोलीतही, एकट्या असल्या तरीही. आम्ही पोरंपोरी त्यांची नक्कल करायचो.

आता बघा — अजून मी मुद्द्यावर आलेच नाही. येते.

प्रयोग साधा होता. काही प्लेट साध्या, काही प्लेट कोलेस्टेरॉल दिलेल्या, सगळ्या चौथ्या पॅसेजच्या. साध्या प्लेट झाल्या, फोटो निघाले, धागे अगदी देखणे. दुसऱ्या प्लेटना शनिवारी ताजं खाद्य घालायचं होतं. मी शुक्रवारीच मामेबहिणीच्या हळदीला निपाणीला निघून गेले. अक्कांना एक शब्द सांगितला असता तर सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी घातलं असतं, हे मला माहीत होतं. सांगायचं राहिलं. सोमवारी आले तर सगळ्या पेशी मरून तरंगत होत्या. त्या खेपेच्या तरुण पेशी संपलेल्या. पुन्हा मिळवायच्या तर हॉस्पिटलमधून ऑपरेशनचा उरलेला तुकडा येईपर्यंत कित्येक महिने थांबायचं. आणि पुढच्या आठवड्यात लॅबचे प्रमुख, आमचे सर, मोठ्या बैठकीत ती चित्रं दाखवणार होते.

इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर हात बसवायचा जुना फ्लास्क होता. अक्कांच्या अक्षरात त्यावर अकरा लिहिलं होतं.

त्यातल्या पेशी मी नव्या फ्लास्कात हलवल्या. त्यावर चार लिहिलं. अक्कांची लिहायची ढब मला येत होती, त्यांनीच तर शिकवलेली. त्या जेवायला गेल्या होत्या. मी मोठ्यानं वाचलं नाही.

पुढे काय झालं असेल ते तुम्हीही सांगाल. कोलेस्टेरॉल देऊन रंगवल्या तेव्हा हिरवे धागे जवळजवळ गायब. जाणारच, ते आधीच गेलेले होते. पण सरांना काय दिसलं? चौथ्या पॅसेजच्या पेशी, कोलेस्टेरॉल दिलं, धागे साफ. सर खुर्चीतून उठले. सगळ्या लॅबला मैसूरपाक वाटला. अक्कांनी स्वतःच्या वाट्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. खाल्ला मी तो.

मग काही महिन्यांनी दुसऱ्या एका लॅबनं तोच प्रयोग केला. त्यांच्याही पेशी बदलल्या, पण थोड्या. आमच्यासारखं काही दिसेना. आमच्याकडे एका नव्या मुलीनं करून पाहिला, तिचंही तेच. सरांनी पेपर पाठवायचा थांबवला आणि सगळ्यांना बोलावलं. माझ्याकडे वळून विचारलं, त्या पेशी कुठल्या होत्या. मी म्हणाले, कल्चर रूममधल्या, फ्लास्कावर चार लिहिलेलं होतं. इथवर खोटं अर्धंमुर्धंच होतं. मग त्यांनी विचारलं, लेबल कुणी लावलं?

"लेबल अक्कांनी लावलं होतं."

चार शब्द. तोंडातून निघाले तेव्हा माझा आवाजसुद्धा कापला नाही. मी घाबरले होते, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाला "मी लावलं" म्हणता येत नाही असं थोडंच आहे?

अक्का दारातच उभ्या होत्या, रजिस्टर घेऊन. महिन्याभरापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणजे त्या लेबलाच्या वेळी नजर धूसरच होती. त्यांनी पानं चाळली, पुन्हा चाळली. त्या दिवसांत नोंदलेला फ्लास्क एकच, अकराचा जुना; चारच्या या फ्लास्कची रजिस्टरमध्ये नोंदच नव्हती. कशी असेल? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे. आठवत असल्यासारखं. पुट्टी खोटं कशाला बोलेल, असं मनात आलं असेल त्यांच्या. मग सरांना म्हणाल्या, आगिरबहुदु. झालं असेल. माझ्याच हातून झालं असेल.

त्यांना स्टोअरमध्ये हलवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हातमोज्यांचे खोके मोजायचे, बाटल्या द्यायच्या. कुणी वाईट वागलं नाही, सर तर उलट फार सांभाळून बोलायचे, आणि त्यानंच त्या आणखी खचल्या. तीस वर्षं त्या खोलीत त्यांचा शब्द अखेरचा असायचा. आता बाटली देताना त्या समोरच्याला म्हणायच्या, तू एकदा वाचून घे हं. मोठ्यानं वाचणं थांबलं. नक्कल करायला आम्हाला काही उरलं नाही.

हे सगळं एकीकडे. मला जे खरं सांगायचंय ते पुढेच आहे. स्टोअरमध्ये गेल्यावर आठवड्याभरानं त्या मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. माझा हात धरला. म्हणाल्या, "तुझं सहा महिन्यांचं काम माझ्यामुळे वाया गेलं, पुट्टी. मला माफ कर."

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "असू दे, अक्का."

ऐकलंत ना? मी त्यांना माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. अकरा वर्षं झाली. फ्लास्कवरचा तो आकडा मी कधीकधी विसरते, पण तो हात पाठीवरून फिरतोय हे विसरत नाही.

त्यानंतर मी फार चांगली झाले. त्यांच्याशी, म्हणजे. पीएचडी दुसऱ्या कामावर झाली, नोकरी लागली, लग्न झालं, पण रविवार अक्कांचा. त्या पीण्याला, कारखान्यांच्या भागात, मागच्या गल्लीत राहतात. दिवसभर लेथचा आवाज, रविवारी तेवढी शांतता. यजमान तिथल्याच कारखान्यात होते, ते गेले. मुलगा गिरीश इलेक्ट्रॉनिक सिटीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, यायला दोन तास. म्हणून मी. भाजी नेते, बिलं भरते, बँकेत जाते. माझा नवरा लोकांना सांगतो की हिच्यासारखी माया आजकाल कोण लावतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते.

माया खोटी नाही हो. तेच तर अवघड आहे.

यंदा अक्कांच्या छातीत जड व्हायला लागलं. जिना चढला की जबडा दुखायचा. तपासलं तर हृदयाची एक मोठी आर्टरी बरीच अरुंद झालेली. स्टेंट बसवला. घरी आल्यावर गादीवर टेकून बसल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांनी काय सांगितलं ते राहू दे, तू सांग, माझ्या आत नक्की काय झालंय. तीस वर्षं या पेशी सांभाळलेली बाई, तिला काय उडवून लावणार? मी सगळं सांगितलं. अस्तराखाली चरबी शिरते. भिंतीतल्या स्नायूच्या पेशी धागे मोडून आत सरकतात. काही जणी त्या चरबीवर चिवट पापुद्रा विणतात, ते चांगलंच, तो असेतो सगळं झाकून राहतं. काही जणी मात्र ती चरबी स्वतःच गिळत सुटतात आणि फेसानं भरल्यासारख्या फुगतात. आधी वाटायचं या फेसाळ पेशी सगळ्या रक्तातून आलेल्या असतात. आता कळलंय, त्यातल्या कितीतरी या आपल्याच, भिंतीतल्या. विणणाऱ्या कमी पडल्या की पापुद्रा पातळ होतो, आणि तो फाटला तर तिथे रक्त गोठतं.

अक्का म्हणाल्या, "बिचाऱ्या दुरुस्त करायलाच गेल्या होत्या की." आणि थोड्या वेळानं, "आपल्या फ्लास्कात बदलायच्या तशाच ना? मी त्या दिवशी अकरावर चार लिहिलं तेव्हा..."

मी चहा टाकायला उठले.

इथे मला पेशींची उपमा वापरायचा मोह होतोय. मीही घाबरून बदलले, वगैरे. नको. पेशीला कुणी विचारलं नव्हतं, लेबल कुणी लावलं म्हणून. मला विचारलं होतं.

स्टेंटनंतर रक्त गोठू न देणारी गोळी चुकवायची नसते. स्टेंटच्या तारांवर नवं अस्तर येईपर्यंत तीच गोळी राखण करते. एकही दिवस नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. आणि गोळ्यांची पाकिटं मी वाचून द्यायची, हा आमचा रिवाज कधीचाच पडलेला. दर रविवारी अक्का गोळ्यांचा कप्प्यांचा डबा आणि पाकिटं माझ्यापुढे ठेवायच्या. सगळं आधीच बरोबर भरलेलं असायचं. कधी, एकदाही, चूक सापडली नाही. तरी म्हणायच्या, तू बघ गं, माझ्या वाचण्याचा काय भरवसा. मी बघायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे.

परवाच्या आधी मी दहा दिवस पुण्याला होते, सासूबाईंपाशी. शनिवारी दुपारी परत आले ती तशीच पीण्याला गेले. डबा टेबलावर होता. बाकी गोळ्या घेतलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या गोळीचे चार कप्पे मात्र भरलेलेच. मी विचारलं, हे काय. तर औषधवाल्यानं या वेळी दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं होतं. नाव वेगळं, रंग वेगळा. अक्कांनी एका कागदावर जुन्या पाकिटावरचं औषधाचं नाव उतरवलं होतं, खाली नव्या पाकिटावरचं. बारीक अक्षरातलं, मिलिग्रॅमसकट. दोन्ही तंतोतंत एक. खाली रेघ ओढून लिहिलं होतं — सेम. आणि तरी घेतली नव्हती. चार दिवस.

"मला फोन का नाही केलात?"

"तू सासरी होतीस. गिरीशला सांगितलं तर तो रजा टाकून धावत येणार." मग अगदी सहज म्हणाल्या, "मी वाचलं होतं गं. पण माझ्या हातून एकदा झालंय ना. तू येऊन बघितल्याशिवाय कशी घेणार?"

मी डॉक्टरांच्या नंबरावर फोन लावला. ते म्हणाले, आत्ता लगेच द्या आणि घेऊन या, ईसीजी काढू. मी पाणी आणलं, पाकीट पुढे केलं. अक्कांनी हात मागे घेतला. आधी तू नीट वाच, म्हणाल्या.

मी म्हणाले, "अक्का, ते लेबल मी लावलं होतं."

त्यांना कळलं नाही. कुठलं लेबल, म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं — हळद, मेलेल्या पेशी, खालच्या फळीवरचा फ्लास्क, त्यांची जेवणाची सुट्टी, बैठक. उभ्यानंच सांगितलं. बसायला मला जमेना. त्यांचं अक्षर मी उचललं होतं हेही सांगितलं. बाहेर कुठेतरी एक लेथ चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि मी तुझी माफी मागितली होती."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्या उठल्या, भिंतीला धरून खिडकीपाशी गेल्या, पाकीट उजेडात तिरकं धरलं, फ्लास्क धरायच्या तसंच. आणि मोठ्यानं वाचलं. औषधाचं नाव, मिलिग्रॅम. पुन्हा एकदा वाचलं. मग गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि म्हणाल्या, ऑटो बोलाव.

ईसीजी ठीक आला. चार दिवसांत काही झालं नव्हतं. होऊ शकलं असतं, आणि ते कुणामुळे झालं असतं हे मला माहीत आहे. ऑटोत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. एका खड्ड्याला त्यांनी सवयीनं माझा हात धरला, आणि मग सोडला.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांना लिहिलं. ते आता म्हैसूरला असतात. लॅबच्या सध्याच्या प्रमुखांनाही लिहिलं, नावानिशी, लेबल मी लावलं होतं, अक्कांची चूक नव्हती म्हणून. उत्तरं यायची तेव्हा येतील.

काल रविवार होता. मी गेले. दार उघडलं त्यांनी. कॉफी दिली, साखर माझ्या मापानं. टेबलावर गोळ्यांचा डबा होता, प्रत्येक कप्प्यावर त्यांच्या गोल अक्षरात चिकटपट्टी लावलेली. डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला नाही. मी कॉफी संपवली, कप धुऊन पालथा घातला, चपला घातल्या. त्या "जाऊ दे" म्हणाल्या नाहीत, आणि मी दारात थांबले नाही. जिना उतरताना वरून त्यांचा आवाज आला. संध्याकाळच्या गोळीचं नाव त्या वाचत होत्या, दोनदा.